पेरेग्रीनची डावी बाजू

एमिल दुदाशबरोबर डेट्रॉइटच्या रस्त्यानं चालणं ही शिक्षा होती. कडेला आमच्या कंपनीची गाडी उभी दिसली की हा थांबणार, मला दंडाला धरून तिच्या डाव्या अंगाला नेणार आणि म्हणणार, "हे बघ. हे मी केलंय."

एकदा मी मुद्दाम विचारलं, "आणि उजवं अंग?"

"ते रॉयनं. तिकडे कशाला जातोस? तिकडे ऊन आहे."

गंमत अशी की हा माणूस खोटं बोलत नव्हता. ते समजायचं तर आमच्या स्टुडिओत गाडी कशी जन्माला यायची ते आधी सांगायला हवं.

गाडी पत्र्याची होण्याआधी मातीची होते. लाकडी सांगाड्यावर भट्टीत ऊन केलेली तपकिरी माती अंगठ्यानं दाबून दाबून चढवायची, मग पोलादी पात्यांनी खरवडत खरवडत आकार काढायचा. अगदी खऱ्या गाडीच्या मापाची गाडी. त्या मातीत गंधक असायचं, त्यामुळे आमच्या सगळ्यांच्या बायका आम्हाला दारातच वासावरून ओळखायच्या. पण एका गाडीला दोन मॉडेलं करणं परवडत नाही, म्हणून एकाच मॉडेलच्या दोन बाजूंवर दोन वेगळ्या गाड्या करायच्या. डावीकडे एक, उजवीकडे दुसरी. मधोमध आरसा उभा केला की अर्धी गाडी पूर्ण दिसते. मग मोठे साहेब येणार, इकडून बघणार, तिकडून बघणार, आणि बोट दाखवणार.

ज्याची बाजू हरली त्यानं काय करायचं, हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं त्याच दिवशी पातं घेऊन आपली बाजू आपल्या हातानं खरवडून काढायची आणि तिथं जिंकलेल्या बाजूची हुबेहूब उलटी नक्कल करायची. दुसऱ्या कुणी ते काम करायचं नाही. नव्या पोरांना हे क्रूर वाटायचं. मला नाही वाटायचं. त्या मातीखालचं लाकूड कुठं वर आहे, कुठं खोल आहे, हे त्या माणसाच्या हाताला माहीत असतं; दुसरा कोण एवढं नीट करणार?

एमिल डावीकडे काम करायचा, रॉय टॅकेट उजवीकडे. आणि मी त्या स्टुडिओत आल्यापासून एकदाही एमिलची बाजू निवडली गेली नव्हती. म्हणजे रस्त्यावरून धावणाऱ्या आमच्या प्रत्येक गाडीचं डावं अंग एमिलच्याच हातचं होतं, पण त्यातली एकही रेघ त्याची नव्हती.

माझं नाव वॉल्ट एनबर्ग. नाही म्हणायचा पगार मिळणारा स्टुडिओतला एकमेव माणूस म्हणजे मी. मी इंजिनिअर. चित्रकारांनी बॉनेट खाली घेतलं की मी म्हणायचं, नाही, खाली इंजिन आहे. त्यांनी काच मोठी केली की मी म्हणायचं, नाही, ती दारात उतरणार नाही. मी येताना दिसलो की चित्रकार मंडळी कागद पालथे घालायची. जेवायला माझ्याशेजारी बसायचा तो फक्त एमिल, आणि तोही एवढ्यासाठी की बाकीच्यांनी त्याच्या गोष्टी ऐकून संपवल्या होत्या.

एमिल डेल्‌रेचा, हंगेरियन वस्तीतला. बाप फाउंड्रीत लाकडी नमुने करायचा. एमिल अंगानं दांडगा, मिशा भरघोस, आणि तोंडाचा पट्टा कधी बंद नाही. माती चढवतानाही बोलणार, खरवडतानाही बोलणार. रॉय केंटकीच्या डोंगरातला, काटकुळा. रॉय दिवसभरात जेवढं बोलायचा तेवढं एमिल शिंकताना बोलायचा.

"रॉय," एमिल मॉडेलच्या पलीकडून ओरडायचा, "जिवंत आहेस का रे?"

"हं."

"बरं झालं. मला वाटलं, या वेळी तरी जिंकलो."

सहासष्ट साली कंपनीनं ठरवलं की आपल्याच चार दारांच्या साध्या गाडीचा तळ घ्यायचा आणि त्यावर दोन दारांची अशी गाडी बांधायची की पोरं रात्री शर्यती लावतात त्या वुडवर्डच्या रस्त्यावर सिग्नल हिरवा झाला की बाकीच्यांनी तिची डिकी बघत राहावं. नाव ठरलं पेरेग्रीन. आमच्याकडचं सगळ्यात मोठं इंजिन, सात लिटरचं, तिच्यात बसवायचं होतं.

ते काम माझ्याकडे आलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा भराभर हो म्हणायला लागलो. ते इंजिन म्हणजे लोखंडाचा डोंगर. ते पुढच्या चाकांवर ठेवलं तर गाडी वळणावर नाक घासत सरळच जाणार. म्हणून मी ते मागे, पार बसणाऱ्यांच्या पायांपर्यंत ढकललं. त्यामुळे बॉनेट आपोआप लांब झालं आणि चित्रकार माझ्यावर खूश झाले. इंजिनावरची हवा गाळणारी ताटली तरीही वर येत होती, तर तिच्यासाठी बॉनेटला मध्ये उंचवटा दिला. लोकांना वाटतं तो रुबाबासाठी आहे. असू दे, वाटू दे.

खरी गोष्ट मागच्या चाकांची होती. एवढी ताकद रस्त्यावर टेकवायची तर टायर रुंद हवा, नाहीतर तो जागच्या जागी फिरून नुसता धूर काढतो. आणि पाय दाबला की गाडी मागं बसते, तेव्हा वरचा पत्रा टायरला लागता कामा नये. म्हणजे मागच्या चाकावर अंगाला फुगवटा हवा. धाव घ्यायला टेकलेल्या जनावराच्या मागच्या मांडीसारखा. आम्ही त्याला मांडीच म्हणायचो. ती नुसती नटवी गोष्ट नव्हती, तिच्या पोटात टायर होता.

त्याच दिवसांत एकदा आम्ही अंगणातल्या कट्ट्यावर जेवायला बसलो होतो. एमिलनं कॉफीच्या थर्मासचं झाकण फिरवायला घेतलं आणि ते त्याच्यानं फिरेना. त्यानं थर्मास गुडघ्यांत धरला, डाव्या हातानं उघडला आणि माझ्याकडे बघितलं.

"बघितलंस तर बघितलंस. कुणाला बोलू नकोस."

"काय झालंय?"

"अंगठा. सांधा झिजलाय. डॉक्टर म्हणतो, मातीचं काम सोड." त्यानं अंगठा वाकवून दाखवला. तो अर्ध्यावरच थांबला. "आमच्यात अंगठा गेला म्हणजे गवयाचा गळा गेला. ही गाडी झाली की मला सांगाडे ठोकायला सुतारखात्यात पाठवा म्हणून सांगणार आहे. पण वॉल्ट, ही शेवटची. या गाडीवर माझी बाजू गेली पाहिजे. एकदा. एकदाच साहेबांचं बोट माझ्या बाजूला आलं पाहिजे, मग मी आयुष्यभर खिळे ठोकीन."

एमिल असं बोलायचा नाही. तो फुशारक्या मारायचा. मी त्याच्या डब्यातली त्याच्या बायकोनं केलेली कोबीच्या पानातली खिम्याची गुंडाळी उचलून खाल्ली.

त्यानं जीव ओतला. डोक्यापासून शेपटीपर्यंत ताठ जाणारी एकच धारदार रेघ त्यानं आपल्या बाजूला काढली. पलीकडे रॉयनं मांडी काढली. दाराच्या मागच्या कडेपर्यंत अंग सपाट, शांत, आणि तिथून ती एकदम अशी उसळी मारून वर यायची की बघणाऱ्याचा हात आपोआप पुढं जायचा.

हार्मन गॅडिस हे आमचे मोठे साहेब. उंच, पांढरे बूट घालणारे, आणि कुणालाही आवडत नसले तरी नजर अशी की कुणी नाव ठेवू शकत नसे. मॉडेल नेहमीप्रमाणे अंगणात उन्हात नेलं. माती दिसू नये म्हणून तिच्यावर रंगीत प्लास्टिकचा पापुद्रा ताणून बसवला होता, बंपरच्या दांड्यांच्या जागी चमकीचा कागद. साहेब दोन्ही बाजूंनी फिरले आणि रॉयच्या बाजूला बोट केलं.

मला विचारलं असतं तर मीही तीच निवडली असती. आणि मैत्री आहे म्हणून खोटं बोलायचं हे मला जमत नाही. दुपारी मी एमिलला तसं तोंडावर सांगितलं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "मला काय डोळे नाहीत?" आणि पातं घेऊन त्यानं आपली ताठ रेघ पुढच्या दिव्यापासून खरवडायला सुरुवात केली.

त्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. पिरोश्का, एमिलची बायको, त्याच्याहूनही मोठ्या आवाजाची. वाढता वाढता म्हणाली, "बायकांचे नवरे बाहेर बाई ठेवतात. माझ्यानं गाडीची डावी बाजू ठेवलीये. आणि तीसुद्धा दुसऱ्याकडेच बघते."

"पिरोश्का, वॉल्टसमोर तरी..."

"वॉल्टसमोर काय? वॉल्टला माहीत नाही? रात्रभर अंगठा गरम पाण्यात घालून बसतोस ते मी एकटीनंच बघायचं का?" मग माझ्या ताटात आणखी एक कोंबडीचा तुकडा टाकून ती हळू आवाजात म्हणाली, "त्याच्यासारखी नक्कलही कुणाला येत नाही, हे त्याला सांगा कुणीतरी. माझं ऐकत नाही."

ते खरं होतं. एमिलची नक्कल बघायला दुसऱ्या स्टुडिओतली माणसं यायची. रेघ उलटी करणं सोपं नसतं. डोळा फसतो. एमिल डोळ्यांवर विसंबायचाच नाही. रॉयच्या बाजूवरून तळवा फिरवत जायचा, डोळे मिटून, आणि मग आपल्या बाजूवर दुसरा तळवा. काही आठवड्यांत त्यानं रॉयची मांडी अशी उतरवली की मॉडेलला वळसा घालून आलं की आपण कुठल्या बाजूला आहोत याचा क्षणभर गोंधळ व्हावा.

आणि मग एके सकाळी प्रेसशॉपचा ऑर्विल स्टॉस आला. पत्रे दाबायच्या साच्यांचं सगळं बघणारा हा इंजिनिअर, बुटका, टक्कल पडलेला, हट्टी. त्याच्या दोन माणसांनी एक दाबलेला पत्रा आणून स्टुडिओच्या फरशीवर ठेवला. तात्पुरत्या साच्यात दाबून बघितलेली आमची मांडी. दाराच्या मागं जिथं ती उसळी घेत होती, तिथं पत्रा फाटला होता. त्या चिरेतून माझा हात आरपार गेला असता.

"एक नाही," ऑर्विल म्हणाला. "जेवढे दाबले तेवढे सगळे. तेल लावून बघितलं, पत्रा बदलून बघितला. मांडी बसवा खाली."

"बसवा म्हणजे किती?" मी विचारलं.

त्यानं बोटांनी दाखवलं. मी मनात टायर बसवून बघितला. तो आत मावत नव्हता.

"मग अरुंद टायर घाल," ऑर्विल म्हणाला.

माझं डोकं फिरलं. "अरुंद टायर? सात लिटरच्या इंजिनाला? मग आजीला चर्चला न्यायला विक ही गाडी! सिग्नलला जागच्या जागी फिरेल आणि शेजारचा व्हॅनवाला पुढं जाईल!"

"माझ्यावर कशाला ओरडतोस? पत्र्यावर ओरड."

साहेबांचा निरोप आला: आठवडाभरात उपाय दाखवा, नाहीतर मांडी खाली घ्या. आता उपाय दाखवायचा कशावर? पसंत झालेल्या बाजूला कुणी बोट लावायचं नाही, हा आमचा दुसरा नियम. रॉयची बाजू जशी होती तशीच राहणार. बदल करून बघायचा तर नकलेवर. म्हणजे एमिलच्या बाजूवर.

एमिल पातं पुसत उभा होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "बोला, इंजिनिअर लोकहो. काय करू? कोरून देऊ तुमचं भांडण?"

ऑर्विलला मी चांगला म्हणणार नाही, पण त्याला त्याचं काम येत होतं. तो मांडीपाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "पत्र्याला घाई चालत नाही. एवढ्याशा जागेत एवढं वर चढ म्हणालात तर तो ताणून ताणून फाटणार. त्याला चढायला लांबी द्या. मग हवं तेवढं वर न्या."

लांबी मागच्या बाजूला नव्हती, तिथं चाक होतं. पुढं होती, पण पुढं दार होतं. मी नकाशा उघडला. दाराच्या आत काच उतरते, तिला जागा लागते, पण काच आतल्या अंगाला असते. बाहेरचा पत्रा मागच्या अर्ध्यात थोडा फुगला तर माझं काहीच अडत नव्हतं. "मी दार देतो," मी म्हणालो. "मधल्यापासून मागं. बिजागरीला हात लावायचा नाही."

"दारातून मांडी सुरू केली तर ती मांडी राहते का?" ऑर्विलनं विचारलं. "पोट होईल. सुटलेलं."

"तुम्ही दोघं तोंड मिटाल तर सांगतो," एमिल म्हणाला. त्यानं दोन्ही तळवे दाराच्या मातीवर ठेवले आणि डोळे मिटून ते मागं चाकापर्यंत नेले. "ती दारातून सुरू होईल आणि कुणाला दिसणार नाही. रॉयची मांडी माझ्या हाताला पाठ आहे. तिला कुठं हलवलं तर दुखेल आणि कुठं हलवलं तर कळणारही नाही, हे रॉयलासुद्धा माहीत नाही. मला माहीत आहे. मीच तिची नक्कल केली ना!"

 पलीकडे रॉय आपल्या बाजूच्या चमकीच्या पट्ट्या बसवत होता.

तो आठवडा मी विसरणार नाही. एमिल माती चढवायचा, खरवडायचा, ऑर्विल आपला लाकडी फर्मा लावून बघायचा आणि म्हणायचा, "इथं अजून चढ आहे." एमिल हंगेरियनमध्ये शिव्या द्यायचा. ऑर्विल जर्मनमध्ये परत करायचा. मी मध्ये उभा राहून काच दारात उतरते की नाही ते तपासायचो. मग पुन्हा माती. एमिलचा अंगठा आता अजिबात दबत नव्हता. तो मनगटाच्या गादीनं माती दाबायचा, आणि कुणी बघतंय असं वाटलं की मोठ्यानं गायला लागायचा. गाणं भयंकर होतं.

गुरुवारी ऑर्विलनं फर्मा लावला, पुन्हा लावला, आणि उठून उभा राहिला. "फाटणार नाही," एवढंच म्हणाला. त्याच्या तोंडून हे ऐकणं म्हणजे दुसऱ्या कुणी मिठी मारण्यासारखं होतं. त्यानं त्याच मापाचा साचा घासून दुसऱ्या दिवशी एक पत्रा दाबून बघितला. तो अखंड निघाला.

पण पत्रा न फाटणं वेगळं आणि साहेबांना आवडणं वेगळं. एमिल मॉडेलभोवती घिरट्या घालत होता. त्या वेळी रॉय पहिल्यांदा आपली बाजू सोडून डावीकडे आला. खाली वाकला, दाराच्या फटीपाशी एक डोळा मिटून बघितलं.

"इथं चमक तुटतेय," तो म्हणाला.

एमिलची मिशी थरथरली. "कुठं तुटतेय?"

"फटीच्या अलीकडे. केसभर."

एमिल वाकला. उन्हाची जी पांढरी रेघ दारावरून मांडीवर वाहत जायला हवी ती त्या जागी खरंच अडखळत होती. ही रेघ अडखळली की बघणाऱ्याला काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. एमिल खाली बसला आणि त्यानं तेवढी जागा नीट केली. रॉय तिथंच उभा राहून बघत राहिला. आपलीच मांडी हरवायला मदत करतोय हे त्याला कळत नव्हतं असं नाही.

साहेबांच्या भेटीच्या दिवशी मॉडेल अंगणात आणलं. दोन्ही बाजूंना एकाच रंगाचा पापुद्रा, गडद हिरवा. आणि इथं आमच्या लोकांनी एक घोटाळा केला. पसंत झालेली बाजू नेहमी स्टुडिओच्या दाराकडे तोंड करून ठेवायची असते, म्हणजे साहेब बाहेर आले की ती आधी दिसते; डावं-उजवं ते लक्षात ठेवत नसत. पण अंगणाच्या त्या कडेला नुकतीच डांबराची डागडुजी झाली होती, म्हणून गाडा ढकलणाऱ्यांनी मॉडेल उलटं वळवून आणलं, आणि कुठली बाजू कुठली ते सांगणारा फलक लावायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. दोन्ही बाजू इतक्या सारख्या होत्या की कुणाला काही वेगळं वाटलंच नाही.

गॅडिस साहेब बाहेर आले. समोर डावी बाजू. ते डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत राहिले.

"हो," ते म्हणाले. "म्हणून तर ही निवडली होती. दारातून कशी आपोआप वर येते बघा. हे तुम्ही मला खाली बसवायला सांगताय?" ऑर्विलकडे त्यांनी असं बघितलं की त्यानं खिशातला हात बाहेर काढला. "चला, आता ती बदललेली दाखवा."

मी सांगायला तोंड उघडलं, तोवर साहेब चालू लागले होते. 

साहेब वळसा घालून उजवीकडे गेले, रॉयच्या मूळ बाजूला. बघितलं, मान तिरकी केली, दोन पावलं मागं सरले.

"नाही," ते म्हणाले. "पत्र्यासाठी केलंत हे मला कळतं, पण दाराच्या मागं ही एकदम उडी मारते. तुटक वाटते. आधीची कशी वाहत होती. हे नको."

 मोठ्या साहेबांना 'तुम्ही चुकलात' कसं सांगायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. मी तिथला ठरलेला नाही-म्हणणारा, पण ते बॉनेटला आणि काचेला; साहेबांना नाही. आणि एमिलनं बोलायचं तर तो कुठल्या तोंडानं बोलणार?

रॉय पुढं आला. त्यानं टोपी काढली.

"साहेब, ही बदललेली नाही. ही माझी. तुम्ही वसंतात निवडलेली." त्यानं पलीकडे हात केला. "बदललेली ती. आधी बघितलीत ती. ती एमिलनं केलीये."

रॉयला एका दमात एवढं बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं.

साहेबांचा चेहरा लाल झाला.  पण ते पुन्हा डावीकडे गेले. दारापासून डिकीपर्यंत चालत गेले, परत आले. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. त्यांनी दारावर हात ठेवला आणि फटीवरून मांडीवर नेला. ते कधीच मॉडेलला हात लावत नसत.

"दुदाश," ते म्हणाले, "ही कुठून सुरू होते?"

"दाराच्या मध्यापासून, साहेब."

"मला दिसत नाही."

"नाहीच दिसणार," एमिल म्हणाला. फुशारकी त्याच्या रक्तातच होती, ती अशा वेळीही गेली नाही. "मी केलीये ना."

साहेब हसले. ते हसलेले मी तेव्हाच बघितले. त्यांनी बोट केलं. डावीकडे.

"ही," ते म्हणाले, आणि आत निघून गेले.

मी ओरडलो की काय ते आठवत नाही, पण ऑर्विल म्हणतो की मी त्याला उचललं होतं. लाज न बाळगता सांगतो, मला रुमाल काढावा लागला. सात लिटरचं इंजिन, रुंद टायर, अखंड पत्रा आणि ती मांडी, सगळं एकाच गाडीत जाणार होतं, आणि ते आमच्या चौघांच्या भांडणातून झालं होतं.

एमिल मात्र जागचा हलला नव्हता. तो डावीकडे बघत नव्हता. तो रॉयकडे बघत होता. कारण रॉयनं बाकावरून पातं उचललं होतं आणि तो आपल्या बाजूसमोर उभा होता. हरलेल्यानं त्याच दिवशी खरवडायचं असतं. रॉयवर ती वेळ कधी आली नव्हती. त्यानं पातं दारापाशी टेकवलं, मग मांडीपाशी, मग पुन्हा उचललं.

"एमिल," तो म्हणाला, "सुरुवात कुठून करायची? मला नक्कल येत नाही. कधी करावीच लागली नाही."

एमिलकडे या दिवसासाठी किती टोमणे साठवलेले होते ते मला ठाऊक होतं, कारण सगळे मी कट्ट्यावर ऐकले होते. तो रॉयजवळ गेला आणि त्यानं त्याच्या हातातलं पातं काढून बाकावर ठेवलं.

"आधी जेवू," तो म्हणाला. "रिकाम्या पोटी आपलंच काम खरवडवत नाही, लेका. मला विचार. दुपारी मी तुझ्याबरोबर उभा राहतो."

दोघं कट्ट्यावर जाऊन बसले. एमिलनं डबा उघडला आणि पिरोश्काच्या गुंडाळ्यांपैकी मोठी होती ती रॉयपुढं सरकवली.